मढ्याचा अंगठा

श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये प्रामाणिक पात्र एकच आहे, आणि ते फार लवकर मरतं. बाकी सगळे सोंगाडे. आकाश आंधळेपणाचं सोंग करतो, सिमी पतिव्रतेचं, इन्स्पेक्टर मनोहर कायद्याचं आणि डॉक्टर स्वामी डॉक्टरकीचं. उरतो प्रमोद सिन्हा. हा गृहस्थ एके काळचा हिरो, म्हणजे सोंग हाच ज्याचा धंदा असा. पण घरात मात्र पोटातलं ओठावर घेऊन वावरतो. लग्नाच्या वाढदिवशी बायकोला, म्हणजे सिमीला, चकित करावं म्हणून पियानोवाल्या आकाशला घरी बोलावतो आणि तिच्याआधी स्वतःच चकित होऊन पडतो.

एवढं सगळं मी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत बोलून गेलो. विषय खरं तर मांडवाच्या भाड्याचा होता. पण तरुण मंडळी फॅशन शोला कंटाळलेली होती. त्यांनी माझं वाक्य झेललं आणि ठराव मांडला, की यंदा ‘अंधाधुन’मधला तो पियानोचा प्रवेश करायचा. अध्यक्ष दचकले. ‘‘बाप्पासमोर खून?’’ मी म्हणालो, खून दाखवायचाच नाही. सिनेमातही त्या वेळी तो दिसत नाही. आकाशबरोबर आपण त्या घरात शिरतो तेव्हा उरकून गेलेला असतो. यावर अध्यक्षांनी इतिवृत्तात नोंद केली: खून आधीच झालेला असल्यास समितीची हरकत नाही.

भूमिकावाटपात मला आकाश मिळणार, हे मी गृहीत धरलं होतं. सिनेमाबद्दल इतकं बोलतं कोण दुसरं? पण आकाश मिळाला बी विंगमधल्या मुलाला. कारण त्याच्याकडे कीबोर्ड होता आणि तो वाजवताही येत होता. सिमी झाल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. मनोहरच्या जागी आमचे खजिनदार, केवळ मिशीच्या जोरावर. आणि मला सांगण्यात आलं, ‘‘काका, तुम्ही सिन्हा. तुम्हाला काहीच करायचं नाहीये. नुसतं पडून राहायचं.’’ आमच्या घरातून लगेच अनुमोदन आलं, ‘‘त्यांची तयारी बारा महिने चालू असते.’’

मी ही भूमिका मनावर घेतली. मढ्याच्या अभिनयाला आपल्याकडे थोर परंपरा आहे. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) सतीश शाह यांनी कमिशनर डिमेलो जिवंतपणी केला तो ठीकच होता, पण मेल्यावर त्यांनी जो केला त्याला तोड नाही. ओम पुरी दारूच्या नशेत त्यांची शवपेटी मोटार समजून ओढत नेतात. पुढे तोच डिमेलो महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन साडीत उभा राहतो. भोवती कौरव-पांडव हाणामारी करतायत, आणि मधोमध हा माणूस डोळे मिटून, मान टाकून ढिम्म. कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, सतीश शाह तिथलेच आणि राघवनही तिथलेच. लॉ कॉलेज रस्त्याच्या त्या आवारात मढी हाताळायचं काही खास शिक्षण मिळत असावं. मी त्या रस्त्यावरून इतकी वर्षं जातो-येतो, पण फक्त फाटकासमोरून.

सिन्हाच्या भूमिकेत अनिल धवन आहेत, आणि ही निवड मोठी बेरकी आहे. १९७२ च्या ‘पिया का घर’मधला हा नायक, तो चित्रपट म्हणजे आपल्या ‘मुंबईचा जावई’चं हिंदी रूप. ‘अंधाधुन’मध्ये सिन्हा आपलीच जुनी गाणी पडद्यावर बघत खूश होतो, आणि ती गाणी खरोखर अनिल धवन यांचीच आहेत. त्यामुळे हा बावळट, भाबडा नवरा मेला की आपल्याला चुटपुट लागते आणि त्याच वेळी हसूही येतं. माझ्या पूर्वायुष्यात गाणी नव्हती. माझ्यावर चित्रित झालेलं एकमेव दृश्य म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत मी मठ्ठ्याची वाटी शोधतोय ते.

तालमीत हळूहळू लक्षात आलं, की त्या प्रवेशात जवळजवळ काही बोलायचंच नाही. पियानो वाजत राहतो आणि त्याच्या आडून घर आवरलं जातं. आयुष्मान खुरानाचं काम बघा: डोळस नट, तो करतोय डोळस माणूस, तो माणूस करतोय आंधळा, त्या आंधळ्याला आत्ताच प्रेत दिसलंय, आणि ते दिसल्याचं बोटांनाही कळता कामा नये. सूर चुकला तर जीव जाईल. त्याला या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ‘उरी’च्या विकी कौशलबरोबर वाटून. माझ्या मते या हिशेबात कुठेतरी गफलत आहे. एवढ्या थरांना अर्धा पुरस्कार पुरत नाही.

आणि तब्बू! ‘मक़बूल’मध्येही तिच्यापायी एका म्हाताऱ्याचा जीव गेला होता, पण तिथे रक्ताचे डाग पुसता पुसले जात नाहीत, ती त्यांनी वेडी होते. इथे ती फरशी पुसते आणि विषय संपतो. सिमीच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नाही; आहे ती फक्त वैताग, पाहुणे दारात असताना गॅस संपावा तसा. एकाच वेळी पियानोवाल्याशी गोड बोलायचं आणि हातांनी नवऱ्याची विल्हेवाट लावायची, हे तब्बू इतक्या घरगुती सहजतेने करते, की तो सिनेमा बघून झाल्यावर आमच्या घरातला चहा मी दोन घोट उशिराच घेतो.

मनोहर झालेला मानव विज हा तर या सिनेमातला माझा लाडका. एवढा आडदांड पोलिस, हातात पिस्तूल, आणि भीती कुणाची तर बायकोची. ती बायको अश्विनी काळसेकर यांनी अशी रंगवली आहे, की त्याची भीती आपल्यालाही रास्त वाटते. आमच्या खजिनदारांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बायकोच्या भीतीचं सांगू नका, ते येतं. पिस्तुलाचं सांगा.’’ त्यांना टिकल्यांचं पिस्तूल आणून देण्यात आलं, आणि तालमींमध्ये त्यांची बोटं सारखी घोड्याकडे जात होती.

प्रयोगाच्या रात्री मांडव भरलेला होता. मी सोफ्याआड, फक्त पाय प्रेक्षकांना दिसतील असा पडलो. पोटात आरतीनंतरचे मोदक. आकाशने गॉगल चढवला, काकूंनी दार उघडलं, कीबोर्ड सुरू झाला. प्रेक्षकांना पाय दिसले आणि मांडवात शांतता पसरली. मला धन्य वाटलं.

मुलगा फारच छान वाजवत होता, आणि तिथेच घात झाला. माझा उजवा अंगठा ठेका धरू लागला. मला पत्ताच नव्हता. पहिल्या रांगेतून एका पोराचा आवाज आला, ‘‘आई, मेलेला माणूस ताल देतोय.’’ मग मागून एक आजी, ‘‘अगंबाई, धुगधुगी आहे अजून. पाणी द्या त्याला!’’ आता आकाश आंधळा असला तरी बहिरा नाही. तो फिसकन हसला आणि गॉगलच्या काठावरून माझ्या अंगठ्याकडे बघू लागला. म्हणजे सिनेमातला आकाश जे जिवाच्या आकांताने लपवतो, ते आमच्याकडे दोन मिनिटांत उघड झालं.

काकू तेवढ्या ढळल्या नाहीत. ‘‘काय सुंदर वाजवता हो तुम्ही,’’ असं म्हणत त्या शांतपणे आल्या आणि माझ्या अंगठ्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. सबंध वजनानिशी. ठेका थांबला.

पुढे बॅगेचा भाग. सिन्हाचं प्रेत बॅगेत कोंबतात ते कटकट न होता कोंबलं जातं. आमची बॅग ए विंगमधल्या एका कुटुंबाची होती, मुलाकडे अमेरिकेला नेण्याची, तेवीस किलोंच्या बेताची. मी त्र्याऐंशी. डोकं आणि खांदे गेले, पोटापाशी चेन अडली, पाय बाहेर. खजिनदारांनी माझे गुडघे छातीकडे दाबले आणि माझ्या पोटरीत गोळा आला. ‘‘अगं आईऽऽ गं!’’ मढं ओरडलं. खजिनदार इतके दचकले, की त्यांनी पिस्तूल काढून मला जागच्या जागी गोळी घातली. टिकली फुटली, धूर निघाला. समितीने मंजूर न केलेला खून बाप्पाच्या पुढ्यात भर मांडवात झाला.

आकाश कीबोर्डवर डोकं ठेवून हसत होता. काकूंनी सोफ्यावरची चादर ओढली, माझ्यावर पसरली, कडा नीट खोचल्या आणि प्रेक्षकांकडे वळून नमस्कार केला. पडदा पडेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती.

बक्षीस अर्थातच काकूंना. मला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा आणि बॅगेच्या तुटलेल्या चेनचं बिल. नंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी लंगडत होतो, त्या नेहमीसारख्याच गंभीर. मी विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला एकदाही हसू कसं आलं नाही?’’

‘‘तीस वर्षं बँकेत कर्जवसुलीला होते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘समोरच्याने मेल्याचं सोंग केलेलं माझ्यासाठी नवीन नाही.’’