काचेची खोली: बाधा झालेल्या गृहस्थांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडात स्वतःचं घर झालेल्या माणसाला एखाद्या उन्हाळ्यात कॉन्झर्व्हेटरीची बाधा होतेच. लक्षणं ठरलेली असतात. शेजाऱ्याच्या मागच्या अंगणात काचेची खोली दिसते, खोलीत वेताची खुर्ची दिसते, खुर्चीत शेजारी दिसतो आणि त्या रात्री झोप लागत नाही. गृहस्थ मराठी असला तर दुखणं बळावतं, कारण त्या काचेआड त्याला तुळशीची कुंडी, साबुदाण्याच्या पापड्या आणि उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी हे सगळं एकदमच दिसू लागतं.

उपचाराची सुरुवात पूर्वसुरींच्या अभ्यासाने करावी. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने १८३६ साली जोसेफ पॅक्स्टनच्या हातून असंच एक काचघर उभारायला काढलं. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट. आतल्या उष्ण कटिबंधातल्या झाडांना डर्बीशायरची थंडी बाधू नये म्हणून जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे सात मैलांचे नळ होते. कोळसा बोगद्यातल्या रुळांवरून यायचा, म्हणजे पाहुण्यांना धूळ दिसायला नको. राणी व्हिक्टोरिया येऊन कौतुक करून गेली. पुढे पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माळी मिळेनात, झाडं मेली आणि १९२० साली ते काचघर सुरुंग लावून पाडलं. तेही पहिल्या दणक्यात पडलं नाही. ज्या गृहस्थाला गॅसचं बिल पाहून धाप लागते, त्याने ड्यूकची ही हकिकत दोनदा वाचावी.

मग पदार्थविज्ञान. सूर्यकिरण काचेतून बिनबोभाट आत शिरतात, फरशी तापते, पण तापलेल्या फरशीची उष्णता काच सहजी बाहेर सोडत नाही आणि गरम हवेला वाट नसते. १९ जुलै २०२२ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. त्या दुपारी दक्षिणेकडे तोंड केलेल्या कॉन्झर्व्हेटरीत बसण्याची हौस कोणाला होती, हा संशोधनाचा विषय आहे. थंडीत सगळा उलटा कारभार. इंग्लंडच्या सध्याच्या नियमांत वाढवलेल्या खोलीच्या नव्या भिंतीतून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंशाच्या फरकामागे ०.१८ वॉटपेक्षा जास्त उष्णता निसटता कामा नये, खिडकीला १.४पर्यंत मुभा आहे. म्हणजे चांगली दुहेरी काचसुद्धा भिंतीच्या जवळजवळ आठपट गळकी. छत पॉलिकार्बोनेटचं असेल तर पावसात टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, आणि पाऊस इंग्लंडचा आहे.

कायदा मात्र या प्रकरणात कमालीचा समंजस आहे. मागच्या बाजूला एकमजली बांधकाम मूळ घरापासून मोजून, शेजारच्या घराला चिकटलेल्या घराला ३ मीटर आणि सुट्या घराला ४ मीटरपर्यंत, उंचीच्या वगैरे अटी पाळून, नियोजन परवानगीशिवाय करता येतं. (फ्लॅटवाल्यांना ही सवलत नाही, त्यांनी कुंडीवर भागवावं.) सार्वजनिक सांडपाण्याची वाहिनी ३ मीटरच्या आत असेल तर पाणी कंपनीला विचारावं लागतं. खरी गंमत बांधकामाच्या नियमांत आहे. तळमजल्यावरची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान कॉन्झर्व्हेटरी बहुतेक नियमांतून सुटते. अट अशी, की घर आणि ती खोली यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचा दरवाजा राहिला पाहिजे आणि घरातलं हीटिंग तिकडे पसरता कामा नये. थोडक्यात, सरकार तिला अंगणच समजतं, फक्त स्पष्ट बोलत नाही. मधला दरवाजा काढून ‘एकच मोठी खोली’ करणाऱ्या गृहस्थाची सूट जाते आणि ऊब तर त्याआधीच गेलेली असते.

विक्रेता घरी यायच्या आत एक चाचणी करावी. जानेवारीत एखाद्या दुपारी अंगणात घरापासून ३ मीटरवर खडूने रेघ ओढावी, तिच्या आत खुर्ची मांडून स्वेटर घालून बसावं. घराची मागची बाजू उत्तरेला असेल, तर अंगणावर स्वतःच्याच घराची सावली पडलेली आढळेल. लंडनमध्ये सूर्य तेव्हा चारच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे चाचणी लांबत नाही. याच वेळी घरातल्या कोणाला तरी स्वयंपाकघरात उभं करावं आणि तिथे किती उजेड आहे ते विचारावं. खोली उभी राहिल्यावर त्या खिडकीला आकाश थेट दिसणार नाही. विक्रेत्याची भरघोस सवलत आज रात्री बारालाच संपणार असते. पुढच्या आठवड्यातही ती रात्री बारालाच संपते.

एवढं करूनही ज्याने बांधलीच, त्याच्या खोलीत थंडीत कपडे वाळतात, काचांवर पाणी साचतं, कोपऱ्यात बुरशी धरते आणि वेताच्या खुर्चीवर सुटकेसी चढतात. पापड्यांचं पीठ पुन्हा फ्रीजमध्ये जातं. त्याने निराश होऊ नये. काचेचं किंवा प्लॅस्टिकचं छत काढून त्याजागी कौलांसारखं दिसणारं, आत इन्शुलेशन भरलेलं भक्कम छप्पर बसवून देण्याचा स्वतंत्र धंदाच ब्रिटनमध्ये उभा आहे. सूर्यासाठी एकदा पैसे मोजलेला गृहस्थ सूर्य झाकायला दुसऱ्यांदा पैसे मोजतो. आता मात्र सहसा बांधकामाचे नियम तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते. आत दिवसाही दिवा लागणार, तेव्हा वायरिंग आधीच करून घ्यावं. नंतर नवं प्लास्टर फोडायला इलेक्ट्रिशियन वेगळे पैसे घेतो.