शिट्टी आधी, संशय मागाहून

चालती गाडी कडेला घ्यायला लावण्यासाठी भारतात पोलिसाला संशयाची गरज नसते, गणवेश पुरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागताच लायसन दाखवायचे असते. चालत्या गाडीवरून लायसन दाखवणे हा सर्कशीतला खेळ असल्यामुळे थांबणे ओघाने आले. त्याच साली ब्रिटनने केलेल्या रस्ते वाहतूक कायद्यातही गणवेशातल्या शिपायाला हा अधिकार आहे आणि त्याला संशयाची अट नाही. अमेरिकेत मात्र १९७९ मध्ये डेलावेअर विरुद्ध प्राउज या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निव्वळ लायसन बघायचे म्हणून मनाला येईल ती एकटी गाडी अडवायला मनाई केली. आधी वाजवी संशय हवा, असे ठरवले. वाशिमच्या एमएच-३७ पासिंगच्या गाडीला या निकालाचा उपयोग नाही.

थांबवण्याचा अधिकार पोलिसापुरताच आहे, असेही नाही. कलम १३२ दोघांना हा मान देते. अपघात झाला असेल, तर गणवेशातल्या आणि किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने सांगितल्यावर थांबायचे. जनावर बुजून आवरेनासे होईल अशी धास्ती वाटली, तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्याने सांगितल्यावर थांबायचे. त्याला ना गणवेश लागतो ना हुद्दा. या कलमापुरता, वऱ्हाडात ज्याला गायकी म्हणतात तो गुरे वळणारा माणूस हवालदाराच्या वर बसतो. जनावरांची यादीही कायद्यानेच दिली आहे: घोडा, गुरेढोरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. वाशिम जिल्ह्यात हत्तीचा प्रश्न सहसा येत नाही. येतो तो रात्री सोयाबीनमधून थेट डांबरावर उडी घेणाऱ्या रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा. पण ते यादीत नाहीत, आणि त्यांच्या वतीने हात दाखवणाराही कोणी नसतो.

संशयाची नोकरी सुरू होते ती गाडी थांबल्यावर. कलम २०३ प्रमाणे चालकाला यंत्रात फुंकायला लावायचे, तर तो प्यायलेला असल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण हवे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की कलम १८५ चा गुन्हा होतो. कलम २०६ प्रमाणे नंबर प्लेट किंवा कागद खोटा आहे असे मानायला कारण असेल, तर ती वस्तू जप्त करता येते. आणि समन्स चुकवून चालक पसार होईल असे मानायला कारण असेल, तर लायसन ठेवून घेता येते, पण त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते. कलम २०७ प्रमाणे गाडी अडकवून ठेवायची, तर ती विनालायसन, अल्पवयीन हातांनी, विनानोंदणी किंवा आवश्यक परवान्याशिवाय चालली होती असे मानायला कारण लागते. चावी हा शब्द या कलमांत कुठेच नाही. जप्त करायची ती गाडी, आणि तीही कारण असेल तर.

प्रत्यक्ष नाक्यावर हा क्रम उलटतो. जिथे कारण लागत नाही तिथे कारणांची रेलचेल असते, आणि जिथे लागते तिथे ‘गाडी साइडला घे’ एवढ्यावर भागते. थांबवण्याआधीची कारणे बहुधा चालकच पुरवतो. नाका शंभर पावलांवर आला की कोपरात अडकवलेले हेल्मेट डोक्याकडे प्रवास सुरू करते. ट्रिपल सीटवरचा मधला आभाळाकडे बघू लागतो, जणू तो गाडीवर नाहीच. ८०५५ या आकड्यांना इंग्रजी वळण देऊन ‘बॉस’ केलेली प्लेट बॉस मागे नसल्यासारखी झुकते. सगळ्यात अनुभवी चालक उतरण्याआधीच फोन लावतो आणि पुढे करतो: ‘भाऊंशी बोला.’ भाऊंशी बोलण्याचे कर्तव्य कोणत्या कलमात आहे, हे शोधण्याचे काम आजवर कोणी केलेले नाही.

यंत्राची गोष्ट वेगळी. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि दुचाकीला प्रवेशच नाही. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला संशय येत नाही. त्याला फोटो येतो. त्याच्याकडे भाऊंचा फोन देता येत नाही, ही त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार.

कागदपत्रांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ बराच दयाळू आहे. कागद छापील चालतात, तसेच डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलेही चालतात. जवळ नसतील, तर साक्षांकित उतारे १५ दिवसांत नेऊन देण्याची किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवण्याची सोय आहे. नाक्यावर मात्र कागद बहुधा डिकीत असतात. डिकीत पिशवी, पिशवीला दोन पदरी रबर, आत युरियाच्या दोन पावत्या, बाजार समितीची काटापट्टी, लग्नपत्रिका आणि तळाशी घडीवर चिरलेली पीयूसी, मुदत मागच्या पोळ्यालाच संपलेली. त्यावर ‘वावरातून येऊन रायलो, साहेब’ हे उत्तर मिळते. वावर आणि घर यांच्या मधला रस्ता सार्वजनिक असल्यामुळे कायद्यात ते बसत नाही. माणुसकीत मात्र बऱ्याचदा बसते.

रात्रीसाठी आणखी एक कायदा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्हा करण्याच्या उद्देशाने चेहरा झाकून कोणी आढळला, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसणारी माणसे जिल्हाभर फिरतात. ती कलमातून सुटतात, कारण वेळ दुपारची असते आणि उद्देश उष्माघात टाळण्याचा असतो. दिवस मावळल्यावरही दुपट्टा सोडायचे विसरलेल्याला वाचवणारा शब्द ‘उद्देश’ हाच. झाकलेला चेहरा दिसतो. उद्देश सिद्ध करावा लागतो.

तपासणी संपली, दंड असेल तर चलान झाले, की चालक मोकळा होतो. पुढच्या वळणावर तो समोरून येणाऱ्यांना दोनदा हेडलाइट मारतो. त्यांतला एक जण, ज्याच्याकडे लायसन, आरसी, विमा, पीयूसी सगळे आहे आणि हेल्मेट डोक्यावरच आहे, तोही गाडी पांदण रस्त्याला घालतो. पांदण चिखलाची असते. मागचे चाक जागच्या जागी फिरत राहते आणि आवाज नाक्यापर्यंत जातो. त्या दिवसातला हा पहिला वाजवी संशय.