वजन उतरवणारे नाना

शर्यतीपेक्षा शर्यतीच्या तयारीत ज्यांचा जीव रमतो अशी एक जमात आहे. तिचे ग्वाल्हेर शाखेचे अध्यक्ष म्हणजे इंदरगंजचे नाना. घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडणात दोन्ही, हा इथल्या मराठी माणसाचा शिरस्ता नानाही पाळतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दाराशी एक जुनी मारुती एस्टीम उभी असते आणि तिला ड्रॅग रेस जिंकायची आहे. निदान नानांचं तरी तसं म्हणणं आहे. एस्टीमला कोणी विचारलेलं नाही.

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, 402 मीटर, नाकासमोर जीव खाऊन पळायचं. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते. तिथे गाड्या डोळ्यांदेखत ठिपका होतात, हे नानांनी मोबाइलवर पाहिलं आणि त्यांच्या अंगात आलं. ग्वाल्हेरहून ते ठिकाण हजारावर किलोमीटर. “तिथपर्यंत गाडी जाईल का?” असं काकूंनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, “हजार किलोमीटरचं सोड गं, प्रश्न शेवटच्या 402 मीटरचा आहे.”

नानांचा सिद्धान्त सरळ आहे. इंजिनाची ताकद वाढवायला पैसा लागतो, वजन उतरवायला फक्त पाना लागतो. गणितही त्यांना तोंडपाठ: वजन एक टक्का घटलं की पाव मैलाचा वेळ साधारण एक तृतीयांश टक्का घटतो. तेव्हा आधी स्टेपनी गेली, मग जॅक गेला, मग पायाखालचे गालिचे गेले. मागची सीट निघाली ती थेट बैठकीच्या खोलीत आली. आता नानांकडे चहाला जाणारा माणूस एस्टीमच्या सीटवर बसतो आणि पाठीमागे काहीतरी टोचतं म्हणून चाचपडतो, तर पट्ट्याची कडी हाताला लागते. डॅशबोर्डवरचा गणपतीही सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानी तोलून आणला होता. भरला एकशे चाळीस ग्रॅम. पण काकूंनी डोळे वटारले, आणि “देवाचं वजन हिशेबात धरत नाहीत” असा नियम नानांनी जागच्या जागी केला.

एवढं झाल्यावर उरली बॅटरी. दहा-अकरा किलोंचा ठोकळा. शिसं आणि आम्ल यांची बॅटरी 1859 साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यानं पहिल्यांदा बनवली, आणि त्या माणसावर नानांचा व्यक्तिगत राग आहे. “जगात एवढे धातू पडलेत, आणि याला सापडलं काय, तर शिसं! पाण्याच्या अकरापट जड! लिथियम बघ, पाण्यावर तरंगतं!” तरंगता तरंगता ते पेटही घेतं, हे मी सांगितलं नाही. वाहनाच्या बॅटरीत लिथियम काही तसं उघडं नसतं, लोह आणि फॉस्फेटच्या संगतीनं गुण्यागोविंदानं नांदतं, आणि नानांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

संध्याकाळी नाना चौकाजवळच्या बॅटरीवाल्याकडे जाऊन बसतात. तिथे इन्व्हर्टरची गिऱ्हाइकं येतात, पंखा किती तास चालेल ते विचारतात, पैसे देतात आणि जातात. नाना मात्र पहिल्यापासून विचारतात.

“अँपिअर-तास किती ते नको सांगू, धक्का किती देते ते सांग.”

यात नाना शंभर टक्के बरोबर असतात, आणि तीच तर दुकानदाराची पंचाईत आहे. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो, पण तीन सेकंदच. म्हणजे एकदा गाडी सुरू करायला लागतो एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. मग पस्तीस अँपिअर-तासांचं ओझं पाव मैलासाठी वाहायचं कशाला? त्या तीन सेकंदांत दांडगा प्रवाह देणारी छोटी बॅटरी हवी. तशी शिशातली म्हणजे एजीएम. तिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या चादरीत शोषलेलं असतं, सांडत नाही, आणि छोटी घेतली तर सात किलोंत भागतं. लिथियमची त्याच कामाला तीन किलोंच्या आत बसते, किंमत मात्र चौपट-पाचपट.

दुकानदारानं एकदा हौसेनं लिथियमची मागवून दाखवली. नानांनी ती दोन्ही हातांनी तोलली, कानाशी हलवली, मग चष्मा कपाळावर चढवून बाजूची चिठ्ठी वाचली. बारा अँपिअर-तास. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: ‘शिशाच्या तुलनेत’. आत खरे चार. नानांचा चेहरा असा उजळला की विचारू नका; घोटाळा सापडल्याचा आनंद त्यांना खरेदीच्या आनंदापेक्षा नेहमीच मोठा वाटत आलेला आहे. त्यांनी बॅटरी काउंटरवर ठेवली, चिठ्ठीचा फोटो काढला आणि पुढचा प्रश्न विचारला. दुकानदार हात जोडून म्हणाला, “नानाजी, बैटरी लेनी है कि लड़की ब्याहनी है?”

“लड़की ब्याहनी होती तो इतना नहीं पूछता,” नाना म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक चहा सांगितला.

लिथियमवर मन बसलं तसे नवे प्रश्न उभे राहिले. ग्वाल्हेरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली तर भट्टीच. लिथियमला साठाच्या वर सोसत नाही. तेव्हा बॅटरी डिकीत न्यावी. खऱ्या ड्रॅगच्या गाड्यांत नेतातच. मागची चाकं ढकलत असतील तर वजन त्यांच्यावर पडलेलं बरं. पण डिकीतून स्टार्टरपर्यंत जाडजूड तांब्याची केबल ओढायची. पन्नास चौरस मिलिमीटरची केबल मीटरला जवळजवळ अर्धा किलो भरते. चार मीटर म्हणजे दोन किलो. आठ किलो वाचवायचे आणि दोन परत चढवायचे! त्या रात्री नाना जेवले नाहीत.

सकाळी याहून मोठा घाव पडला. एस्टीमची पुढची चाकं गाडी ओढतात. सुटताना वजन आधीच मागे सरकतं, नाक उचललं जातं आणि पुढची चाकं जागच्या जागी घुमतात. म्हणजे नाकावरची बॅटरी काढून वेग वाढण्याऐवजी सुटतानाची पकडच जायची. मेकॅनिकनं पाना पुसत विचारलं, “मग नाना, शिशाचीच राहू देऊ? जड आहे, चाक दाबून धरेल.” नाना त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू सहा महिने उपास केलेल्याला कोणी सांगितलं, उपास चुकीच्या देवाचा होता.

मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठ किलो म्हणजे गाडी आणि चालक मिळून वजनाच्या एक टक्क्याच्याही आत. वाचणार पाच शतांश सेकंद. “नाना, पापणी लवायला याच्या दुप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा अकरा लिटर पेट्रोल कमी भरा. तेवढ्यात आठ किलो उतरतात, तेही फुकट.”

“अरे, अकरा लिटर कमी करायला आधी ते टाकीत असावं लागतं,” नाना म्हणाले. “पेट्रोलच्या बाबतीत माझी गाडी पहिल्यापासून हलकी आहे.”

तसा उपाय निघाला की नाना दुसरी अडचण शोधतात. पौषात धुकं पडलं तेव्हा म्हणाले, लिथियम थंडीत पहिल्या धक्क्याला कुरकुरते, आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून तिला ऊब द्यावी लागते. उन्हाळा येऊ दे. उन्हाळा आला तेव्हा म्हणाले, आता सोडियमच्या बॅटऱ्या येतायत, घाई कशाला. सोडियमची त्याच ताकदीला लिथियमपेक्षा जड पडते, हे कळल्यावर त्यांनी आणखी एका बॅटरीला नापास करण्याचं समाधान मिळवलं.

हे सगळं ज्या गावात चालतं ते गाव वजनाला घाबरणारं नाही. 1874 साली बांधलेल्या जयविलास राजवाड्यातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून ते जोखलं, असं इथे शेंबडं पोरही सांगतं. पाहुणे आले की नाना त्यांना राजवाडा दाखवायला नेतात आणि झुंबराखाली न थांबता थेट जेवणघरात जातात. तिथे मेजावर रूळ आहेत आणि त्यांवर चांदीची आगगाडी. ब्रँडी आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची. गेल्या खेपेला नाना तिच्यासमोर पुतळ्यासारखे उभे राहिले. पहारेकरी दोनदा येऊन गेला.

“बघितलंस?” ते कुजबुजले. “विजेवर चालते. पण बॅटरी वाहते का? वीज बाहेरून! महाराजांना जे कळलं ते मला या वयात कळावं!”

दुसऱ्या दिवशी इंदरगंजात जाहीर झालं की सगळ्यात हलकी बॅटरी म्हणजे शेजाऱ्याची. खरं तर यात वेडेपणा काही नाही. ड्रॅगवाले गाडीत छोटी बॅटरी ठेवतात आणि सुरू करताना बाहेरून तारा लावून झटका देतात. मेकॅनिकनंही मान डोलावली. फक्त बॅटरी पार काढू नका, नाहीतर अल्टरनेटरचा दाब उसळून गाडीचा मेंदू जळेल, एवढं बजावलं. नाना तारा घेऊन समोरच्या वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं, चिमटे लागले, आणि कित्येक महिन्यांनी एस्टीम एका दमात सुरू झाली. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवू लागली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

“नाना, गाडी तुमची, बॅटरी माझी,” वकीलसाहेब म्हणाले. “उद्या बक्षीस मिळालं तर ते कोणाचं?”

नानांचं लक्ष नव्हतं. ते वकीलसाहेबांच्या बॉनेटमध्ये वाकून बघत होते.

“ते नंतर ठरवू. पण वकीलसाहेब, ही फारच जड दिसतेय हो. तेवढी बदलून टाका. कोणती घ्यायची ते मी सांगतो. संध्याकाळी चला माझ्याबरोबर दुकानात.”