रॅम्पचा फोटो आला का?

महाविद्यालयाला दिव्यांग विद्यार्थ्यांची आठवण साधारण पाच वर्षांतून एकदा येते, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असते तेव्हा. सातव्या निकषात त्यांच्यासाठी खास जागा आहे. रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह, दिशादर्शक पाट्या, स्क्रीन रीडर, वाचक, लेखनिक? असल्यास जिओटॅग केलेले फोटो जोडा. मग एका शनिवारी गवंडी येतो आणि सोमवारी आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयक मॅडम स्टाफरूममध्ये विचारतात, "रॅम्पचा फोटो आला का?"

येतो. छान येतो. फोटोत उतार कळत नाही, हा छायाचित्रणकलेचा दिव्यांग कल्याणाला लागलेला मोठाच हातभार. रॅम्पचं गणित खरं तर सातवीतल्या पोरालाही सुटेल: उतार एकास बारा. जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. पण चोवीस फुटांत प्राचार्यांच्या गाडीची जागा जाते, म्हणून तो आठ फुटांत उरकतात. त्यावरून व्हीलचेअर वर न्यायला दोन मित्र लागतात आणि खाली आणायला नवस. दोन्ही कडांना कुंड्या ठेवलेल्या असतातच. शोभा म्हणून.

त्याच्या पुढे पिवळ्या फरशा. रेघांची फरशी म्हणजे 'सरळ चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. कंत्राटदाराला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याला त्यात नक्षी दिसते, म्हणून तो एक रेघांची, एक ठिपक्यांची अशी आलटून पालटून बसवतो. पांढरी काठी टेकत येणाऱ्या मुलीला ही फरशी दर फुटावर चला-थांबा-चला-थांबा असं सांगत राहते आणि शेवटी जनरेटरच्या खोलीच्या भिंतीपाशी नेऊन सोडते. फोटोत तीही छान येते. पिवळा रंग उठून दिसतो.

बांधकामानंतर खरेदी. 'साहाय्यक तंत्रज्ञान' हे दोन शब्द इतिवृत्तात आले की खरेदी समितीत चैतन्य येतं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, सरकारी महाविद्यालय असेल तर जेम पोर्टल, आणि मार्चअखेर निधी परत जायच्या आत बिल. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला 'बाबा रे, तुला नेमकं काय लागतं?' एवढं विचारायचं तेवढं राहून जातं. मग अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी ब्रेल प्रिंटर येतो. त्याला ब्रेल येत नाही; त्याला अक्षर मोठं हवं असतं आणि खिडकीची तिरीप फळ्यावर यायला नको असते. एक पडदा लागला असता. पण पडद्याचं उद्घाटन करता येत नाही. प्रिंटरचं झालं. अध्यक्षांच्या हस्ते फीत कापली, प्रिंटर डेडस्टॉक रजिस्टरात चढला, खोलीला कुलूप लागलं, किल्ली ग्रंथपालांकडे गेली आणि ग्रंथपाल रिफ्रेशर कोर्सला गेले.

दरम्यान खरं कामाचं साधन फुकट पडलेलं आहे. दृष्टिहीनांना संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर २००६ साली मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी सुरू केलं. दोघेही स्वतः दृष्टिहीन, त्यामुळे काय लागतं हे शोधायला त्यांना समिती नेमावी लागली नाही. ते मराठी वाचतं, पेन ड्राइव्हवरूनही चालतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतंच. अडचण एकच: फुकट वस्तूची तीन कोटेशनं येत नाहीत. त्यामुळे ती घेता येत नाही.

समजा, घेतली. ती वाचणार काय?

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा थांबतो. सर नोट्स देतात. म्हणजे त्यांच्या सरांनी दिलेल्या नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, कोपऱ्यात अंगठा, त्याची पीडीएफ आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. डोळस पोरांनाच ती अंदाजाने लावावी लागते. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान म्हणजे चित्र, त्यात वाचण्याजोगा मजकूरच नाही. तो गप्प बसतो. काही सर मात्र खरंच मेहनती. रात्री जागून टाइप करतात, आणि जुन्या सवयीने श्रीलिपीत करतात. त्या जुन्या फाँटमध्ये वर मराठी दिसतं. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं बसलेली असतात. 'मराठी' एवढा एकच शब्द घ्या. डोळ्यांना तो सरळ मराठी दिसतो. कानावर येतं: अंडरस्कोर, ए, एम, आर, ग्रेटर, आर. आता असं चाळीस पानं संतसाहित्याचं रसग्रहण कानात घ्या आणि दहा गुणांचं उत्तर लिहा. पास झालात तर तो ज्ञानेश्वरांचा चमत्कारच समजा, कारण तुम्ही ऐकलं ते रेड्यालाही म्हणता आलं नसतं.

तीच फाइल युनिकोडमध्ये असती तर हे सगळं टळलं असतं. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी कन्व्हर्टर आहेत. काम काही मिनिटांचं. खर्च शून्य. म्हणूनच ते कोणाच्या नियोजनात बसत नाही.

पुस्तकाची सॉफ्ट कॉपी मागायला जावं तर ग्रंथालयात अचानक कायद्याबद्दल आदर दाटून येतो. "कॉपीराइटचा प्रश्न आहे." गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तेच पुस्तक स्पायरल बाइंडिंगसकट मिळतं, तिथे हा प्रश्न नसतो. ज्याला छापील अक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात, नफा न कमावता, करून देण्याची मुभा २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच आली आहे. याच कामासाठी झालेला माराकेश करार २०१४ साली जगात सर्वांत आधी मान्य केला तो भारताने. आपण जगात पहिले आलो आणि ग्रंथालयाला अजून निकाल कळलेला नाही. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून आहे. त्याचं नाव मुलांना त्यांच्यासारख्याच मुलांकडून कळतं.

बरं, महाविद्यालयाला या मुलांची माहिती नसते असंही नाही. प्रवेशअर्जात रकाना आहे. त्यात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी भरून घेतात, प्रमाणपत्राची प्रतही जोडायला लावतात. कमी ऐकू येणारा एक मुलगा ऑफिसच्या खिडकीशी उभा आहे.

"भाऊसाहेब, माझ्याबद्दल कळवलंत का वर?"

"कळवलं की. पहिल्याच आठवड्यात."

"कुलकर्णी सरांना?"

"अरे नाही, दिल्लीला. ऐशेच्या फॉर्मात संख्या टाकली ना तुझी."

आणि भाऊसाहेब खोटं बोलत नाहीत. उच्च शिक्षणाच्या त्या अखिल भारतीय सर्वेक्षणात मुलाची नोंद झालेली असते. मंत्रालयाला तो ठाऊक असतो. खोली क्रमांक बाराला ठाऊक नसतो. तिथे सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात आणि पोरगा ज्या ओठांवर भिस्त ठेवून पहिल्या बाकावर बसलाय ते ओठ भिंतीशी बोलत असतात. सरांनी वर्गाकडे वळून बोलायला किती निधी लागेल? बोललेलं जागच्या जागी लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप मराठीतही चालतं. मुलाने ते उघडलं की फोन जप्त. वर्गात मोबाइलला बंदी आहे, शिस्त म्हणजे शिस्त. पालकांना आणा, मग परत मिळेल.

लिफ्टबद्दल फार लिहीत नाही. 'फक्त प्राध्यापकांसाठी' ही पाटी तुम्हीही वाचली असेल. मात्र कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल, तर लिफ्टच्या परवानगीआधी तो वर्ग तळमजल्यावर आणायचं कोणाच्या डोक्यात का येत नाही, हे मला कोडं आहे. वेळापत्रकातला एक खोली क्रमांक खोडायचा आणि दुसरा लिहायचा. पण वेळापत्रक समितीचा तो तक्ता शिलालेख असतो. एकदा लागला की लागला.

आता कोणी म्हणेल, टीका सोपी असते, करून दाखवा. दाखवलंय. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र आहे. छापील पुस्तकं त्यांना वाचण्याजोगी करून देणं, साधनं वापरायला शिकवणं ही तिथली रोजची कामं. ते मुंबईचं मोठं महाविद्यालय आहे, मान्य. तालुक्याच्या ठिकाणी तसं केंद्र उभं राहणार नाही, हेही मान्य. पण तालुक्यातल्या महाविद्यालयाला केंद्र लागतच नाही. तिथे असे चार-सहा विद्यार्थी असतील. प्रवेश झाला त्याच आठवड्यात त्या प्रत्येकाला वर्गशिक्षक, ग्रंथपाल आणि परीक्षा विभागातला एक माणूस यांच्यासमोर खुर्चीवर बसवायचं आणि बारावीपर्यंत कसं निभावलंस ते विचारायचं. बारावीपर्यंत आलेलं पोर स्वतःच्या गरजांचं जाणकार झालेलं असतं. ते सांगेल: फाइल वर्डमध्ये द्या, आदल्या दिवशी द्या, पंख्याखालचं बाक नको, आवाजात ऐकू येत नाही. अर्ध्या तासात सत्राचं नियोजन होईल. चहा धरून खर्च शंभराच्या आत. यंत्राची गरज लागलीच तर ती या बैठकीतून निघेल, आणि तेव्हा कोणतं यंत्र हेही कळेल. जूनमध्ये कळलं तर दिवाळीपर्यंत येईल. फेब्रुवारीत आठवलं, तर मुलगा पास होऊन गेल्यावर येईल आणि पुढच्या पाच वर्षांच्या फोटोला उपयोगी पडेल.

कायदा काय म्हणतो, असं विचारणाऱ्यांसाठी: भरपूर म्हणतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखल्या, आणि नियम आल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम्य करा असं बजावलं. ती मुदत जून २०२२मध्ये संपली. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना या पाच टक्क्यांची आठवण करून दिली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुडी प्रकरणात तर न्यायालयाने सुगम्यतेचे मानक ऐच्छिक ठेवणारा नियमच रद्द केला आणि सक्तीचे मानक तीन महिन्यांत ठरवा असं केंद्राला सांगितलं. महाविद्यालयाने या सगळ्याची दखल घेतली आहे. समान संधी कक्षाच्या फायलीत निकालाची प्रत लावली आहे. कक्ष पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याने.

राहता राहिली परीक्षा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराला ब्रेल, संगणक, मोठं अक्षर यांतला मार्ग शक्यतो निवडता यायला हवा, संगणक घेतला तर तो आदल्या दिवशी तपासू द्यायला हवा, आणि तासाला वीस मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. वर्षभर ज्या मुलाने संगणकावर लिहिलं, त्याला परीक्षेत संगणक मिळत नाही. त्याला लेखनिक मिळतो, म्हणजे त्याने तो शोधून आणायचा. लेखनिक शिक्षणाने उमेदवारापेक्षा खालचा हवा. तो सापडतो तेव्हा त्याचीही परीक्षा त्याच दिवशी असते, कारण विद्यापीठ एकच. शेवटी कोणाचा तरी चुलतभाऊ येतो. विज्ञानाचा पेपर, भाऊ वाणिज्य शाखेचा, आणि इंटिग्रेशनचं चिन्ह त्याला 'तो लांबडा एस काढ' असं सांगून काढून घ्यावं लागतं. चौथ्या तासाला पर्यवेक्षक गठ्ठा बांधायची सुतळी हातात घेऊन समोर येऊन उभे राहतात.

हे सगळं सुरळीत व्हावं म्हणून परीक्षा विभागाने छापील अर्ज ठेवला आहे. हाताने लिहिता येत नसलेल्या उमेदवाराने लेखनिक मिळण्यासाठी तो पंधरा दिवस आधी द्यायचा, तीन प्रतींत. तळाशी ठळक सूचना आहे: अर्ज उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा.