चार झाडं आणि पिंपभर माती

मिसिसागा, ओंटारिओ
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांस मिसिसागा शाखेचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, घटस्थापनेच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर कराडच्या मावशींना नातीच्या मागे, कुंपणापलीकडे, काहीतरी हिरवं दिसलं. तासाभरात ‘पोरं तिकडे गांजा लावतात’ ही बातमी कराडहून कोल्हापूर, पुणे करत डोंबिवलीला पोचली. डोंबिवलीच्या काकांनी मोठ्या मनाने वकिलाचा नंबरसुद्धा पाठवला. म्हणून हा खुलासा. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी या पत्रात ‘मी’ कुणीच नाही. चिरंजीव, सूनबाई आणि नात, तिघांचा उल्लेख नात्याने होईल, असा ठराव बहुमताने झाला आहे. विरोधी मत चिरंजीवांचं.

झाडं शेजारच्या आजोबांची आहेत आणि कायदेशीर आहेत. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरी गांजाची चार झाडं लावायला परवानगी आहे. ओंटारिओत त्यासाठी वय १९ पूर्ण लागतं आणि बी-रोप परवान्याच्या ठिकाणचं असावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मात्र सोसायटीचे नियम इथेही सुटत नाहीत. शेजारच्या क्वेबेक प्रांताने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि ती सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली टिकलीही. भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली हीच लागवड दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची आहे. तुरीच्या शेतात गांजा पकडल्याच्या बातम्या वाचतच मावशींचं आयुष्य गेलं, तेव्हा त्यांना धक्का बसला यात नवल नाही.

इथल्या कायद्यात गंमत अशी की चार झाडं माणशी नाहीत, घरटी आहेत. एका छपराखाली आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि पोरंबाळं राहत असली तरी चारच. भाऊ वेगळे झाले की प्रत्येकी चार. एकत्र कुटुंबाचा इतका उघड तोटा करणारा दुसरा कायदा सूनबाईंच्या पाहण्यात नाही. हे वाक्य त्यांनी चिरंजीवांकडे बघून म्हटलं.

विधेयकाच्या मूळ मसुद्यात झाड १०० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असंही होतं. २०१७ साली संसदेच्या समितीत ते कलम गळालं. मोजपट्टी घेऊन लोकांच्या परसात फिरायला पोलीस किती उत्सुक असतील, ते सांगायला नको. तेव्हा उरली ती फक्त झाडांची मोजदाद. झाडाखाली माती किती, हे कायदा विचारत नाही. आजोबांची सगळी शेती या एका फटीतून वाढली आहे.

आजोबा मूळचे पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरचे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले. स्वतः ओढत नाहीत. गुडघ्यांसाठी मलम करतात, असं ते सांगतात. गुडघ्यांचं त्यावर काय मत आहे, ते अजून कळलेलं नाही. यंदा त्यांनी एकाच जातीची चार रोपं मे महिन्यात चार मापांच्या मातीत लावली. एक बांधकामाच्या दुकानातल्या साध्या बादलीत, म्हणजे १९ लिटर. दुसरं त्याच्या दुप्पट पिशवीत, तिसरं १०० लिटरच्या पिशवीत आणि चौथं २०० लिटरच्या कापडी कुंडीत, जिच्यात नात बसून पुस्तक वाचू शकते. नातीने एकदा ते करूनही पाहिलं. तेव्हा कुंडी रिकामी होती, आईंनी काळजी करू नये.

सप्टेंबरात बादलीतलं झाड चिरंजीवांच्या कमरेला लागत होतं. दुप्पट मातीतलं छातीला. २०० लिटरवाल्याने कुंपण ओलांडलं आणि ते मावशींच्या फोनच्या पडद्यावर गेलं.

हा आजोबांच्या हाताचा गुण नव्हे. कुंडीचं माप आणि रोपाची वाढ यावर जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधन केंद्रातल्या हेन्ड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक निबंध लिहिला. नाना जातींच्या रोपांवरचे ६५ अभ्यास एकत्र करून त्यांनी सरासरी काढली: कुंडीचं माप दुप्पट केलं की रोपाचं एकूण वजन सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतं. चिरंजीवांनी लगेच कागद घेतला. माती दुप्पट, झाड दीडपटीच्या आतलं. माती चौपट, झाड जेमतेम दुप्पट. म्हणजे माती वाढवाल तसं झाड मोठं होतंच, पण दर लिटरमागे हाती येणारं कमी कमी होत जातं. १९ लिटरचे २०० केले म्हणून दसपट कळ्या मिळत नाहीत. त्याच हिशेबाने तिपटीच्या थोडं वर मिळेल, आणि ही सरासरी २०० लिटरपर्यंत ओढणंही जरा धाडसाचंच, कारण प्रयोगशाळेत इतक्या मोठ्या कुंड्या कोण वापरतो?

कारण मुळांत आहे. कुंडीत मूळ मध्ये रेंगाळत नाही, सरळ भिंत गाठतं. यूलिशच्या मंडळींनी एमआरआयसारख्या यंत्राने कुंडीच्या आतलं चित्र घेतलं, तर बहुतेक मुळं कडेलाच दाटलेली दिसली. भिंत लागली की पानंही कामात ढिली पडतात, तेवढ्याच पानात अन्न कमी तयार होतं. त्यातून जुलैचं ऊन. बादलीतली ओल दुपारपर्यंत उडते आणि झाड माना टाकतं. मोठ्या कुंडीत दोन दिवस विसरलं तरी चालतं. घटाच्या परडीत ओंजळभर मातीवर धान्य नऊ दिवसांत वीतभर तुरे काढतं, कारण तोवर ते बियातल्या शिदोरीवर जगतं. त्याला तशाच परडीत महिनाभर ठेवलं तर काय होईल, ते आईंना सांगायला नको.

कापडी कुंडीची युक्ती अशी की भिंतीपाशी आलेल्या मुळाच्या टोकाला हवा लागते, ते वाळतं आणि मागे नवे फाटे फुटतात. प्लॅस्टिकच्या बादलीत तेच मूळ भिंतीला घासत गोल गोल फिरत राहतं. कापडाचा तोटा एवढाच की पाणी जास्त लागतं. आजोबा बहिणीकडे गेले की हे पाणी घालण्याचं काम चिरंजीवांकडे येतं, आणि त्या दिवसांत घरच्या टोमॅटोंची आबाळ होते, अशी सूनबाईंची लेखी तक्रार आहे.

मापाचा एक घोळ मात्र सांगायलाच हवा. इथे कुंड्या गॅलनवर विकतात आणि गॅलन तीन आहेत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. जुना ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तो कॅनडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात अजून आहे. आणि रोपवाटिकेचा ‘एक गॅलन’, ज्यात जेमतेम पावणेतीन-तीन लिटर माती मावते. ‘पाच गॅलनच्या कुंडीत भरघोस आलं’ असं कुणी सांगितलं तर आधी गॅलन कुणाचा ते विचारावं. चिरंजीव आता कुंडी घरी आणून मापट्याने पाणी ओतून मोजतात. शेजारीपाजारी बघतात. कोथरूडला दूधवाल्याचं माप तपासणाऱ्या घरातला मुलगा आहे, हे त्यांना कुठे माहीत?

माती सगळी इथलीच आहे असंही नाही. पीट कॅनडातलं, पण त्यात मिसळायचं कोकोपीट विटांच्या रूपात भारतातून येतं. पाच किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर भुसा होतो. वेष्टनावर ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ वाचून आजोबांनी चिरंजीवांचे आभार मानले. चिरंजीवांनी ते देशाच्या वतीने स्वीकारले.

आता उघड्यावरच्या लागवडीला मातीखेरीज आणखी एक मालक असतो, तो म्हणजे पंचांग. गांजाला फुलं येतात ती रात्र मोठी होऊ लागल्यावर. मिसिसागात २१ जूनचा दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, पुण्यात तो सव्वातेरा. म्हणून इथे झाड जुलै संपेपर्यंत नुसतं वाढतं, ऑगस्टमध्ये फुलोऱ्याला लागतं आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काढणीला येतं. तेव्हाच पहिलं हिमही दाराशी असतं. मेच्या शेवटी, व्हिक्टोरिया डेच्या सुमारास लावलेल्या रोपालाच मोठी कुंडी भरून काढायला वेळ मिळतो. जुलैत लावून २०० लिटर माती दिली तर निम्मी माती मुळाविनाच राहणार. दिवसाच्या लांबीची वाट न पाहता दोन-अडीच महिन्यांत उरकणाऱ्या जाती आहेत, त्यांना बादली पुरते.

आणि मोठ्या झाडाचं दुखणंही मोठं. जाड, गच्च कळ्यांत ऑक्टोबरचा पाऊस साठला की आतून करडी बुरशी धरते. यंदा ती २०० लिटरच्या झाडावरच आली. सर्वांत जाड तुरे कापून फेकताना आजोबांनी पोर्तुगीजमध्ये जे म्हटलं, त्याचा अर्थ नातीने विचारला आणि कुणी सांगितला नाही. उरलेलं वाळायला टांगलंय. वाळताना वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी होऊन उडतो. कायद्यानेही हे धरलंय: एक ग्रॅम वाळलेला माल म्हणजे पाच ग्रॅम ओला. पहिल्या दिवशीचं वजन सांगून बढाई मारणाऱ्यांना म्हणून पाचने भागावं.

झाडं चारच असल्याने आजोबा एकही वाया घालवू शकत नाहीत. कळ्या लागतात त्या मादी झाडाला. नर निघालं तर एक जागा गेली, शिवाय परागाने बाकीच्यांत बिया भरतात. १८९३-९४च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालच्या शेतांतून नर झाडं हुडकून उपटणाऱ्या जाणकारांची हकीकत आहे. आजोबा खात्रीची मादी रोपंच विकत आणतात.

घरच्या कढीपत्त्याला हे मोठ्या कुंडीचं शास्त्र लागू करता येईल का, यावर बरीच चर्चा झाली. निकाल विरोधात गेला. कढीपत्ता हिमात मरतो, दर ऑक्टोबरला त्याला घरात आणावं लागतं, तेव्हा त्याच्या कुंडीचं माप चिरंजीवांची कंबर ठरवते. गांजा एका हंगामाचा, त्याची कुंडी कुणी उचलत नाही.

बाबांनी गेल्या फोनवर गच्चीत २०० लिटरचं निळं पिंप आणून त्यात एकच भरताचं वांगं लावायचा बेत सांगितला. ‘आजोबांचं बघून’ हे कारण दिलं. पण दोघांचं कोडं एकमेकांच्या उलट आहे. आजोबांना झाडं चार, माती हवी तेवढी. मग प्रत्येक झाडाखाली माती वाढवणं, लिटरमागे कमी मिळालं तरी, शहाणपणाचं. बाबांना वांगी कितीही लावता येतात, पण माती मोजूनच घ्यायची आहे, कारण ती जिन्याने चढवायची आहे. तिथे तीच २०० लिटर माती रंगाच्या २० लिटरच्या दहा डब्यांत वाटली तर एकूण पीक कितीतरी जास्त येईल. त्याहून लहान डबे मात्र नकोत, नाहीतर मे महिन्यात दिवसातून दोनदा गच्ची चढावी लागेल. आणि बाबांच्या कपाटात श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची कात्रणं आहेतच: पालापाचोळा कुजवून केलेली जिवंत माती थोडी असली तरी बरंच देते. नुसतं माप वाढवून निकस माती भरण्यात अर्थ नाही.

तेव्हा मावशींना हे पत्र वाचून दाखवावं, डोंबिवलीच्या काकांना वकिलाबद्दल धन्यवाद कळवावेत आणि पिंपाचा बेत रद्द करावा. डबे ठेवतानाही ते तुळईच्या वर, कठड्याच्या कडेने पसरून ठेवावेत. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते. म्हणजे भरलेलं पिंप ३०० किलोंच्या वर जाईल, आणि गच्चीच्या बरोबर खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.

कळावे, लोभ असावा.

आपली
मिसिसागा शाखा