भूमितीची सोवळी अक्षरे

रोमन अक्षरांच्या टोकांना असणाऱ्या बारीक आडव्या फटकाऱ्यांना सेरिफ म्हणतात. ते छाटून उरलेली अक्षरे कंपास-पट्टीने आखल्यासारखी दिसू लागली की त्यांना 'भूमितीय सॅन्स-सेरिफ' हा भारदस्त हुद्दा मिळतो, आणि पाउल रेनर यांनी रेखाटलेला, फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने १९२७ मध्ये बाजारात आणलेला 'फ्युचुरा' या सोवळ्या घराण्यात सर्वांत मानाच्या पाटावर बसतो. गोम एवढीच, की हे सोवळे बरेचसे दिखाऊ आहे: 'ओ' डोळ्यांना गोल वाटावा म्हणून तो काटेकोर वर्तुळापासून किंचित ढळवलेला असतो, आणि वक्र जेथे उभ्या दांड्याला मिळतो तेथे काळा गठ्ठा दिसू नये म्हणून रेषा गुपचूप बारीक केलेली असते; दांडा आणि सुटा ठिपका एवढ्यातच 'आर' उरकणारे, भूमितीला खरोखर जागणारे प्रारंभीचे रूप मात्र (बहुधा वाचकांची दया येऊन) मागे पडले.

नावातच भविष्य मिरवणाऱ्या या अक्षराने यजमान निवडताना फारसे आढेवेढे घेतले नाहीत. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या, समस्त मानवजातीच्या वतीने शांततेची ग्वाही देणाऱ्या पाटीवर ते विराजमान झाले, आणि त्याच दशकात फोक्सवॅगनच्या जाहिरातींतून मोटारीही खपवत राहिले. २००९ मध्ये फर्निचर कंपनी आयकियाने त्याला रजा देऊन संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेला 'व्हर्डाना' आणला, तेव्हा रचनाकारांनी असा गहजब केला की जणू कपाटांचे स्क्रूच कोणी पळवले असावेत. पुढे कंपनीने व्हर्डानाही सोडला, पण त्या जागी फ्युचुराला परत न बोलावता बसवला तो 'नोटो'.