व्योमकर

आमच्या पारनेरात आडनावांचा तुटवडा नाही, तरी एक नवं आडनाव आम्हालाच पाडावं लागलं : व्योमकर. या कुळात नुसतं जन्मून भागत नाही. १९९८ साली तुमचं वय आठ ते पंधराच्या मध्ये असायला हवं, घरी नाहीतर शेजारी टीव्ही हवा, आणि दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागला म्हणून म्हशीची धार अर्धी टाकून पळाल्याबद्दल एकदा तरी पाठीत रट्टा बसलेला हवा. दिग्दर्शक केतन मेहता, नायक मिलिंद सोमण. अंतराळातल्या तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार पळतात आणि व्योम त्यांच्या मागे लागतो. गोष्ट एवढीच, पण व्योमकर ती सांगायला बसला की ऐकणाऱ्याची नगरला जाणारी एसटी चुकते, आणि मागची दुसरीही चुकते.

आज हा मनुष्य चाळिशीच्या आसपास आहे. पतसंस्थेत वसुलीला, नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला, नाहीतर स्वतःचं कृषी सेवा केंद्र. पोट सुटलेलं, बीपीची गोळी सुरू, पोरगी नीटच्या क्लासला. एरवी बोलणं कांद्याच्या भावाचं. मात्र स्टँडसमोर चहा पिताना कोणाच्या तोंडून ‘यान’ एवढा शब्द निघाला की हा कप खाली ठेवतो. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान चंद्रावर उतरलं, अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं, व्योमकराच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. नाक ओढत म्हणाला, “आपल्याला ह्याचं नवल नाही राव. आपण ह्याच्या लय पुढचं बघितलंय.”

या कुळात भाऊबंदकीही आहे. थोरली पाती ‘स्पेस सिटी सिग्मा’वाल्यांची. ती मालिका ऐंशीचं दशक संपतानाची, त्यातला खलनायक झकाकू. थोरल्या पातीतले लोक अजूनही वसुली अधिकाऱ्याला खासगीत झकाकू म्हणतात. याच सुमाराला ‘इंद्रधनुष’ही लागायची. तिच्यात गिरीश कर्नाड होते आणि एक गुबगुबीत करण जोहर होता. तो पुढे असले सिनेमे काढील अशी शंकाही तेव्हा पारनेरात कोणाला आली नाही. त्याच्याही वर मूळपुरुष : रविवारी सकाळी इंग्रजी ‘स्टार ट्रेक’ बघितलेले, एक अक्षर न कळता बघितलेले, आणि म्हणूनच सगळ्यांत अधिकारवाणीने बोलणारे. ‘शक्तिमान’वाल्यांना मात्र बैठकीत कडेला बसवतात. १९९७ ते २००५ इतकी वर्षं चाललेली मालिका सगळ्यांनीच पाहिली. सगळ्यांनी पाहिलेल्याची आठवण काढण्यात काय मोठेपणा?

आता एक गोष्ट सांगतो, ती व्योमकराच्या कानावर जाऊ देऊ नका. त्याने ही मालिका नीटशी पाहिलेलीच नाही. एक तर लाईट. यान उडालं की लाईट जायची, परत यायची तेव्हा बातम्या चालू असायच्या. ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडावी तर बाप शेतातून यायचा आणि त्याला ट्रॅक्टरच लागायचा. लाईट टिकलीच तर अँटिना. एक जण कौलावर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. “आलं का?” “नाही.” “आता?” “मुंग्या.” “आता?” “हाय तिथं धर! आरं हाय तिथं धर म्हणलं!” म्हणजे तिघांतल्या एकाने मालिका पाहिली, एकाने ऐकली आणि एकाने कौलावरून तिची चौकशी केली. गंमत अशी की आज सगळ्यांत बारीकसारीक तपशील सांगतो तो कौलावरचा.

मुंग्यांच्या पाठीमागे जे घडलं ते त्याने मनाने भरून काढलं, आणि भरताना हात राखला नाही. आमच्या एका व्योमकराच्या मते व्योम एकदा निघोजच्या कुंडावर उतरला होता. कुकडीने खडकात कोरलेले ते रांजणखळगे म्हणजे दुसऱ्या ग्रहाचीच जमीन वाटते हे खरं, पण म्हणून मिलिंद सोमण तिथे आला असं होत नाही. हे त्याला सांगून बघितलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चहाचे पैसे मीच दिले.

फेब्रुवारीत विज्ञान दिन आला की व्योमकर मंडळी गाडी करून शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जातात. तिथे गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या, काही जवळजवळ तर बाकीच्या २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. शाळेची पोरं विश्व कसं जन्मलं ते विचारतात. व्योमकर मान वर करून तबकडी न्याहाळतो आणि विचारतो, “वाऱ्यानं हलत नाही का?” तबकडी पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे, वारा आरपार जातो, असं समजल्यावर त्याला आपल्या बालपणाचा विचार करून वाईट वाटलं. पण खरा आनंद पुढे होता. ही जागा का निवडली याचं एक कारण असं सांगितलं गेलं, की या भागात रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींचा गोंगाट फार कमी. व्योमकर उजळला. “म्हणजे आमच्याकडं काही पोचतच नव्हतं, हे सायन्सनं मान्य केलं!” परतीच्या वाटेवर अळकुटीला थांबून त्याने सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

अशा या माणसाच्या घरी गेल्या दिवाळीत इंग्लंडात नोकरीला असलेला भाचा आला. अंगात निळ्या खोक्याचं चित्र असलेला टीशर्ट. भाऊबीजेच्या ताटावर विषय निघाला आणि कळलं की हाही याच कुळातला, फक्त तिकडच्या शाखेचा. मालिका ‘डॉक्टर हू’, १९६३ पासूनची. आजीने विचारलं, “डॉक्टर हाडाचा का दाताचा?” भाच्याने समजावलं : डॉक्टर परग्रहावरचा, पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळात मागे-पुढे हिंडतो, खोकं बाहेरून कपाटाएवढं आणि आत केवढंही मोठं. याचं घरात कोणाला विशेष वाटलं नाही. सुपा-पारनेर रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये सगळ्यांचीच उमर गेलेली. मग भाचा म्हणाला, १९६६ मध्ये मूळ नट विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टरचं शरीरच पालटतं असं दाखवून दुसरा नट आणला, आणि तेव्हापासून तेच चालू आहे. इथे मामा प्रभावित झाला. “आपल्याकडं नट बदलला तर खाली नुसती पट्टी सोडतात. ह्यांनी त्याचं शास्त्र केलं.”

भाचा एकेक पत्ता टाकत गेला. पहिली कथा दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन मूळचा लखनौचा. मामाने मान डोलावली. पहिला भाग दाखवला २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे लोकांचं लक्ष भलतीकडे. मामाने पुन्हा मान डोलावली. “आणि त्या संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी वीजही गेली होती.”

मामाचा घास हातात राहिला. “तिकडं?”

“हो मामा. म्हणून पुढच्या आठवड्यात बीबीसीनं तो भाग परत दाखवला.”

“परत दाखवला,” मामा म्हणाला. मग आत वळून मोठ्याने, “अगं ऐकलंस का, परत दाखवला!” पुढचा अर्धा तास तो लाईट गेल्यामुळे हुकलेल्या भागांची यादी सांगत होता, जणू भाचा जाताना अर्ज घेऊन जाणार होता.

त्याच बीबीसीने पुढे जुन्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काही घेतलं आणि डॉक्टरचे नव्वदहून अधिक भाग गेले, हे ऐकल्यावर मात्र त्याने ताटाभोवती पाणी फिरवलं. आणि यात डॉक्टर एकटाच नव्हता. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल, त्यांनी १९६१ मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका जॉन इलियटबरोबर लिहिली होती. रेडिओ दुर्बिणीला परग्रहावरून निरोप येतो, अशी गोष्ट. तीही बहुतेक पुसली. डॉक्टरच्या भक्तांनी टीव्हीला माईक लावून घरी आवाज टेप करून ठेवले होते, म्हणून सगळ्या हरवलेल्या भागांचे आवाज तरी उरले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रात नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं. “पारनेरात बघायला सांग,” मामा म्हणाला. त्याचा दावा अगदीच पोकळ नव्हता. त्याच्या माळ्यावर एक व्हिडिओ कॅसेट आहे. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे याच भाच्याच्या आईच्या, लग्नाची. अंतरपाट सरतो, वरमाला होते, आणि सप्तपदीच्या जागी उल्कापात सुरू होतो. ती बहीण भाऊबीजेला ओवाळताना अजून कॅसेटचा विषय काढते आणि तबकात नेहमीपेक्षा जड वस्तू पडेपर्यंत सोडत नाही.

भाच्याने लॅपटॉप उघडला. “मामा, कॅप्टन व्योम नेटवर आहे. लावू?”

एवढं ऐकून कोणीही पुढे सरसावला असता. मामा मागे सरकला. आधी म्हणाला जेवण जड झालंय. मग चष्मा सापडेना. शेवटी लावलाच. दहा मिनिटं तो गप्प बसून होता. चित्र काचेसारखं स्वच्छ, मुंगी एक नाही, लाईट जायचं नाव घेत नव्हती. यान तर एवढंसं. “हे ते नाही,” तो म्हणाला. “ह्यांनी बदललंय.” भाचा म्हणाला, मूळच आहे. “मग निघोजचं कुठंय?” भाच्याने बिचाऱ्याने पुढचे भागही चाळले. कुंड आलं नाही. “पुसलं असणार,” मामाने निकाल दिला. “बीबीसीनं पुसलं तर आपले काय सोडतात?”

ही हकिगत दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर आली आणि बैठकीत दोन तट पडले. अर्धे म्हणतात भाग नेटवर बघावेत, अर्धे म्हणतात त्याने फूट पडेल. बारातले नेमके किती गुन्हेगार धरले यावर एरवी सात, नऊ आणि बारा अशी तीन मतं आहेत; नेटवर मोजले तर दोन मतांच्या लोकांनी दर रविवारी यायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा. सिग्मावाले तटस्थ राहिले, कारण झकाकूलाही कोणी नेटवर शोधायला लागेल ही भीती त्यांना आहे. तोडगा असा निघाला की तूर्त कोणी काही बघायचं नाही. भाच्याला मात्र परक्या शाखेचा असूनही सभासद करून घेतलं आणि पहिल्याच दिवशी सोळा चहांचं बिल त्याच्या नावावर लिहिलं.